दोन्हीकडून दहा झाडं

"रेषेला विचारू नका, बाई तू कुठून आलीस आणि कुठे चाललीस. ती कुठूनच येत नाही, कुठेच पोचत नाही. तिला दोनच गोष्टी विचारा. माझ्यापासून किती लांब उभी आहेस? आणि तुझ्याकडे यायचं तर मी तोंड कुणीकडे करू?"

हा आवाज सी तूहामींचा, आमच्या गणिताच्या सरांचा. (आमच्याकडे मानानं पुरुषाला सी म्हणतात, बाईला लल्ला.) खडूच्या धुळीनं घोगरा झालेला, पण विहिरीत घागर बुडावी तसा खोल. मी तेव्हा शाळेत होते. त्यांनी मला वर्गाच्या मधोमध उभं केलं. "दलंदा, तू मूळबिंदू. हलायचं नाही." मग फरशीवर दारापासून खिडकीपर्यंत खडूनं एक तिरकी रेघ ओढली आणि पोरांना विचारलं, "ही रेघ दलंदापासून किती लांब?"

एक पोरगा उठला, माझ्यापासून दाराकडे पावलं टाकत गेला आणि रेघेच्या टोकाशी उभा राहिला. सी तूहामी पोट धरून हसले.

"अरे गाढवा, ही रेघ नाही, साप आहे असं समज. याला हिला चावायचंय. आता हा दारावरून वळसा घालून येईल का? सरळ येईल. सगळ्यात जवळची वाट धरून येईल. ती वाट म्हणजे लंब."

मग फळ्यावर समीकरण आलं. क्ष कोसाइन अल्फा अधिक य साइन अल्फा बरोबर प. प म्हणजे लंबाची लांबी, अल्फा म्हणजे तोंड वळवायचा कोन. रेषेच्या समीकरणाचं लंबरूप. आज मी सफाक्स शहरातल्या शाळेत हेच शिकवते आणि शिकवताना माझ्या तोंडून आवाज त्यांचाच निघतो. रेघेला मीही साप म्हणते.

म्हणून तर त्या शनिवारी जे झालं त्याची किळस अजून गेलेली नाही. भांडं घासून निघेल, जीभ कशी घासायची?

*

शनिवारी दुपारी शाळा सुटली की मी भाड्याच्या गाडीत बसून आमच्या वाडीवर येते. आई एकटी असते. डिसेंबरात वाडीच्या वळणावर गाडी पोचली की काच खाली करायची ही माझी लहानपणापासूनची सवय. नव्या तेलाचा वास येतो तेव्हा. हिरवा, कडसर, कापलेल्या गवतासारखा. तो आला की पोटात भूक जागी होते.

यंदा काच खाली केली आणि लगेच वर केली.

ड्रायव्हर म्हणाला, "राहू द्या, लल्ला. वर केली तरी आत येतोच तो."

आंबलेल्या सिरक्याचा, कुजक्या चामड्याचा, महिनाभर न धुतलेल्या कढईचा, असा सगळ्यांचा मिळून एक वास होता. तो नाकात शिरत नव्हता, नाकाला चिकटत होता. आईच्या दारात पोचेपर्यंत माझ्या रुमालालाही तो लागला होता.

आईनं नेहमीसारखा चहा पुढे ठेवला. पेल्यात पुदिना इतका, की पाणी दिसेना. पानं बाजूला सारली तर चहावर तेलकट, सुरकुतलेली साय. मी एक घोट घेतला आणि तो गिळावा की थुंकावा हे ठरेपर्यंत तोंडातच धरून ठेवला.

"आई, यात काय घातलंस?"

"पुदिना. दुप्पट घातलाय. त्यानं मरतो म्हणे वास."

"कशाचा वास?"

आई पेला पुसत राहिली. शेजारची सालहा खाला उंबऱ्यावरच बसलेली होती. दिवसभर जैतून वेचून आली होती, बोटांत अजून बकऱ्याच्या शिंगाच्या टोप्या होत्या. आमच्या बायका त्या घालून फांद्या विंचरतात.

"आल्या का शहरातल्या मास्तरीणबाई?" ती म्हणाली. "नाक आणलंयस का सोबत? आमची तर गळून पडली. मन्नूबिया, लेकीला बसीसाचं पीठ दे त्याच पाण्यात कालवून. आम्ही रोज खातो, मेलो नाही अजून. सकाळी मेलो असू तर कळलं नाही."

"सालहा, गप," आई म्हणाली.

"का गप? हिच्या गुरुजींचं नाव निघेल म्हणून?"

मग सालहा खालानं सगळं सांगितलं. वाडीची तेलगिरणी सी खमैस यांची. तेल निघालं की मागे काळं पाणी उरतं, मर्जीन म्हणतो आम्ही त्याला. ते विषासारखं जहाल. जिथे सांडेल तिथे गवत उगवत नाही. पूर्वी टँकर येऊन ते लांब नेऊन टाकायचा. यंदा खमैसनं टँकर बंद केला आणि गिरणीपासून पार खालच्या खड्ड्यापर्यंत एक चर खणला. जमीन तिरकी उतरते, म्हणून चरही तिरका, बागेच्या ओळी कापत जाणारा. पाणी आपलं आपण वाहतं, पंप नको, डिझेल नको.

पण त्याच खमैसनं गिरणी बांधताना विहिरीच्या काठावर हात ठेवून सगळ्यांसमोर शब्द दिला होता, की विहिरीपासून दहा झाडांच्या आत माझी घाण येणार नाही. आमच्याकडे अंतर झाडांतच सांगतात. जैतुनाची बाग आजोबा-पणजोबांनी दोरी धरून लावलेली, कुठल्याही झाडापासून शेजारचं झाड तेवढ्याच अंतरावर. घर किती लांब? सहा झाडं. कबरस्तान? वीस झाडं. लेकरंसुद्धा मीटर नंतर शिकतात, झाड आधी.

"मग मोजलं की नाही?" मी विचारलं.

"मोजलं तर! आम्ही काय मुकाट बसलो? चराची दोरी ताणली तेव्हाच मोजलं. विहिरीपासून पूर्वेच्या ओळीनं गेले. दहा झाडं, मग चर. दक्षिणेच्या ओळीनं गेले. दहा झाडं, मग चर. दोन्हीकडून दहा. कमी नाही, जास्त नाही. फातिहा म्हटली, हात तोंडावरून फिरवले, संपलं."

"मोजलं कुणी?"

सालहा खालानं शिंगाच्या बोटांनी आईकडे इशारा केला. आई खाली बघत म्हणाली, "सी तूहामींनी. त्यांनी मोजल्यावर कोण बोलणार? अख्ख्या वाडीला आकडे त्यांनीच शिकवले."

"आणि पाणी?"

"मोजल्यावर महिन्यानं पाण्याला रंग आला," सालहा खाला म्हणाली. "पावसाच्या टाक्या यंदा कोरड्या. ही एक विहीर. कणीक भिजवली तर फुगत नाही. माझ्या सुनेच्या पोटात तीन महिन्यांचं लेकरू आहे, तिला पाण्याचा पेला दाखवला तरी ओकते. परवा ओमदाला जाऊन सांगितलं, तेव्हा उद्या यायला कबूल झाला. सरकारचा माणूस आहे, येईल, बघेल, जेवेल आणि जाईल. यंदाचं गाणं ऐकलंस का आमचं?"

आणि तिनं तिथेच उंबऱ्यावर, वेचणीच्या बायका म्हणतात त्या चालीत म्हटलं:

बोटांना शिंगं गं, झाडाला फणी,
विंचरून काढू या काळे मणी.
मण्यांत कोंडलं ऊन गं बाई,
ऊन गेलं त्याच्या घरी, आम्हां काळं पाणी.

शेवटची ओळ लहानपणी वेगळी होती. ऊन ते साठवू घरच्या रांजणी. माझ्या आजीच्या तोंडून ती ओळ मी इतक्यांदा ऐकली होती, की बदललेली ओळ कानात खड्यासारखी लागली.

*

उन्हं कलायच्या आत मी बागेत गेले. विहिरीच्या काठाला पाठ टेकली आणि पूर्वेच्या ओळीनं चालू लागले. दहावं झाड गेलं, पुढच्या झाडापर्यंतच्या अंतराच्या निम्म्यावर चर. परत आले. दक्षिणेची ओळ. तिथेही तसंच. कुणी खोटं बोललेलं नव्हतं.

विहिरीपाशी येऊन मी उभी राहिले. दोन्ही ओळी माझ्यापासून निघून काटकोनात गेल्या होत्या, जणू फळ्यावरचे दोन अक्ष. आणि चर या ओळीकडून त्या ओळीकडे तिरका. त्याला मी विचारलं असतं, दोन्ही अक्षांना कुठे कापतोस, तर त्यानं सरळ तोंडानं सांगितलं असतं, साडेदहावर आणि साडेदहावर. पण मला ते विचारायचंच नव्हतं. साप दारावरून वळसा घालून येत नाही.

मी तोंड दोन्ही ओळींच्या बरोबर मधे वळवलं आणि झाडांच्या कोपऱ्याकोपऱ्यातून तिरकी चालू लागले. पाचवं झाड ओलांडलं आणि पाय खचला.

तिथे जमीन ओली होती. पाऊस नाही आणि जमीन ओली. पाचव्या झाडाची पानं चराच्या बाजूनं पिवळी पडून गळत होती, दुसऱ्या बाजूनं अजून चंदेरी होती. अर्धं झाड जिवंत आणि अर्धं मेलेलं, एकाच बुंध्यावर. पुढे चर. त्यात पाणी वाहत नव्हतं, सरपटत होतं. काळं, कडेला तांबूस, वर जाड साय, सायीवर बुडबुडे. एखादा फुटला की आतून ढेकर दिल्यासारखा वास यायचा. त्या सायीत भुंगे, माश्या, एक लहान पाखरू चिकटून मेलं होतं. त्याचा एक पंख अजून वर उभा होता. मी तोंडावर हात घेतला, तर हातालाही तोच वास.

हिशेब करायला कागद लागला नाही. पंचेचाळीस अंशांचा कोन, साडेदहा गुणिले त्याचा कोसाइन. साडेसात झाडंही नाहीत. दहा म्हणून शपथ घेतली आणि साडेसातच्या आत घाण आणून ठेवली. दोन खऱ्या आकड्यांनी बांधलेलं एक खोटं. आणि हे खोटं अशा माणसानं मोजलं होतं, ज्यानं मला हे ओळखायला शिकवलं.

विसरले असतील, असं मी परत येताना घोकत होते. वय झालं. गुडघे गेले, तसा लंबही गेला असेल डोक्यातून. म्हातारपण म्हणून मी त्यांना माफ करायला निघाले होते. सँडलला चिकटलेली काळी साय दगडावर घासत मी त्यांच्या दारात उभी राहिले.

*

सी तूहामी अंगणात बदाम फोडत बसले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा वाएल शिकून किती तरी दिवस घरी बसून होता, दारातल्या पायरीवर त्याच्या बसण्याची खूण पडली होती म्हणायचे लोक. यंदा तो खमैसच्या गिरणीत यंत्रावर लागला. त्याचा कामाचा डगला दोरीवर वाळत होता, मर्जीनच्या वासाचा.

"ये, मूळबिंदू," ते म्हणाले. त्यांनी मला कायम याच नावानं हाक मारली. "कॉफी टाकतो. बस."

"राहू द्या, सर."

"राहू कसं देऊ? विद्यार्थिनी घरी आली आणि कोरडी गेली, तर लोक काय म्हणतील?"

कॉफी आली. मी नको नको म्हणत एक घोट घेतला. कॉफी चांगली होती. शहरातल्यासारखी, साफ, कडक, नारिंगाच्या फुलांच्या अर्काचा एक थेंब टाकलेली. दिवसभरात पहिल्यांदा माझ्या जिभेला काही आवडलं होतं.

मग लक्षात आलं. कॉफी चांगली होती.

मी इकडेतिकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चादर झाकलेला एक ढीग होता. चादरीच्या खालून प्लास्टिकची निळी झाकणं दिसत होती. दुकानातलं बाटलीबंद पाणी. एक-दोन बाटल्या नव्हेत, रचलेल्या चळती. सगळी वाडी पुदिना दुप्पट घालत होती, सालहा खालाची सून पेला बघून ओकत होती, आणि इथे चादरीखाली स्वच्छ पाणी झोपलं होतं.

चराच्या काठावरची किळस याच्यापुढे काहीच नव्हती. तोंडात होता तो कॉफीचा घोट मला मेलेल्या पाखरासारखा वाटला. मी उठून मोरीत थुंकले.

"काय झालं, पोरी?"

"काही नाही. सर, तुम्ही दोन्हीकडून मोजलंत."

"दोन्हीकडून दहा. तू मोजलीस ना? मला ठाऊक आहे, तू आधी मोजशील आणि मग येशील."

"मोजलं. मधून मोजलंत का?"

त्यांनी एक बदाम दगडावर ठेवला. फोडला नाही. बोटांनी फिरवत राहिले.

"शब्द काय होता? दहा झाडं. झाडं ओळीत असतात, दलंदा. माणूस ओळीनं चालतो."

"आणि साप?"

मी चादरीकडे बघतेय हे त्यांना दिसलं आणि त्यांनी मान वळवून डगल्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "उद्या ओमदा येणार आहे. जे विचारायचं ते त्याला विचार. कॉफी गार होतेय."

"होऊ द्या," मी म्हणाले आणि निघाले. माझ्या पाठीमागे बदाम फुटल्याचा आवाज आला, एकदाच.

आईला बाटल्यांचं सांगितलं. ती उठून दाराला कडी घालून आली. मग म्हणाली, "उद्या सगळ्यांसमोर हे काढशील?"

"नाही."

"का? गुरू म्हणून?"

"बाटल्या काढल्या तर माणूस पडेल, आई. चर तिथेच राहील."

*

रविवारी सकाळी सगळी वाडी विहिरीशी जमली. बायका वेचणी सोडून आल्या होत्या, बोटांत शिंगं तशीच. ओमदा जाडजूड, पांढरा मफलर नाकावरून गुंडाळलेला. वारंवार म्हणत होता, "सर्दी आहे हो मला." सी खमैस त्याच्या शेजारी, धुतलेल्या बुटांत, हातात जपमाळ. त्याच्या मागे गिरणीची माणसं, त्यांत वाएल, खाली मान घालून. सी तूहामी काठी टेकत आले आणि बाभळीखालच्या दगडावर बसले. माझ्याकडे बघितलं नाही.

"अस्सलामु अलैकुम, लल्ला दलंदा," खमैस गोड हसला. "शाळेत पोरांना मोजायला शिकवता, आता सुट्टीत झाडांना शिकवायला आलात? शिकतील हो, शिकतील. माझी झाडं हुशार आहेत."

"झाडं हुशार आहेत म्हणून तर मरायला लागलीत," सालहा खाला मागून म्हणाली. "तुझ्या चराकडे तोंड करून."

लोक हसले. ओमदानं हात वर केला. पुन्हा मोजणी झाली. पूर्वेला दहा. दक्षिणेला दहा. खमैसनं जपमाळ गुंडाळून खिशात ठेवली, झालं या अर्थानं.

"आता मधून मोजा," मी म्हणाले. "शब्द विहिरीपासूनचा होता. विहिरीला दोनच बाजू नसतात. दोन ओळींच्या बरोबर मधे तोंड करा आणि सरळ जा."

कुणाला उठायला सांगावं लागलं नाही. सालहा खालानं झगा वर खोचला आणि तिरकी चालायला लागली. प्रत्येक झाडावर शिंगाचं बोट आपटत ओरडत गेली, "एक! दोन! तीन! चार! पाच!" आणि मग चराच्या काठावरून, नाक धरून, "पाचच! ऐकलंत का, पाच! शब्द दहाचा आणि घाण पाचावर! खमैस, तुझं तोंड काळं!"

एकदम गलका झाला. पुरुष पुढे सरसावले, कुणी खमैसच्या गिरणीच्या आईबापाचा उद्धार केला. पहिल्यांदाच त्याचा चेहरा उतरलेला दिसला. ओमदानं मफलर नाकावरून खाली घेतला, वास आला तसा परत वर घेतला आणि माझ्याकडे वळला.

"बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. पाच आहे ना हे? पाच असेल तर मी आजच चर बुजवायला लावतो. बोला. पाच?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आई बघत होती. सालहा खाला चराकडून धापा टाकत येत होती, तिच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर असा आनंद, जसा नव्या तेलाच्या पहिल्या धारेकडे बघताना असतो. हो म्हटलं असतं तर त्याच क्षणी सगळं संपलं असतं. एक अक्षर.

आणि ते माझ्या तोंडात त्या कॉफीसारखंच साफ आणि चवदार होतं.

"नाही," मी म्हणाले. "पाच नाही."

"काय?" सालहा खाला थांबली.

"तिरकं चाललं की दोन झाडांमधलं अंतर वाढतं, खाला. चार झाडांची चौकट घे. कडेनं जाणं वेगळं, कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणं वेगळं. झाडं पाच लागतात, पण अंतर पाचाचं नाही. साडेसातलाही थोडं कमी आहे."

"तुला काय पडलीय गं!" ती किंचाळली. "पाच म्हणायचं आणि मोकळं व्हायचं! माझ्या सुनेला सांगू का जाऊन, की दलंदाबाईंची चौकट मोठी निघाली?"

कुणीतरी थुंकलं. माझ्या दिशेनंच असावं. आमच्या आळीतली एक बाई म्हणाली, "शिकून शिकून खमैसचीच झाली ही." त्यांच्या डोळ्यांत मला काल माझ्या डोळ्यांत होती ती किळस दिसली, हुबेहूब.

खमैसचा चेहरा फुलला. त्यानं जपमाळ पुन्हा काढली.

"साडेसात! अर्धं झाड कुणी पाहिलंय का रे? ओमदासाहेब, तुम्ही पाहिलंय? मला दाखवा, मी अर्ध्या झाडाचे जैतून वेचून घेतो." गिरणीची माणसं हसली. वाएल हसला नाही. "आधी पाच, मग साडेसात, जेवणाच्या वेळेपर्यंत अकरा होतील. माझे दहा मात्र सकाळपासून दहाच आहेत."

"तिरका चर आहे, म्हणून जवळून जातो," मी ओमदाला म्हणाले. "लंब टाकला तर..."

"लंब! बघा, आता लंब आला," खमैस म्हणाला.

ओमदानं कपाळ पुसलं. त्याला चौकट कळली नव्हती, कळून घ्यायचीही नव्हती, त्याला सावलीत जाऊन बसायचं होतं. "हे बघा, मी काही मास्तर नाही. आणि एक बाई पाच म्हणते, दुसरी साडेसात. इथे मास्तर एकच. सी तूहामी, आधी तुम्हीच मोजलं होतं. तुम्ही म्हणाल ते. दहा म्हणा, मी चाललो."

सगळी वाडी बाभळीकडे वळली. सी तूहामी बसून होते, दोन्ही हात काठीवर, हनुवटी हातांवर. ते माझ्याकडे बघत होते. कालपासून पहिल्यांदा. त्यांच्या नजरेत काय होतं हे मला सांगता येत नाही, पण मी मान वळवली नाही आणि नजर मऊही केली नाही. माझ्या तोंडात अजून ती चव होती.

"बोला की, सी तूहामी," खमैस म्हणाला. आवाज मऊ होता. "वाएलचे वडील आहात, आपल्या माणसांत काय संकोच?"

वाएलनं मान वर केली. "बाबा," तो म्हणाला. एवढंच. त्यातून त्याला काय हवं होतं हे कुणालाच कळलं नसेल.

सी तूहामी उठले. काठी टेकत विहिरीपाशी आले आणि माझ्या खांद्याला धरून मला काठाला पाठ लावून उभं केलं. मला त्यांचा हात झटकून टाकावासा वाटला.

"दलंदा, तू मूळबिंदू. हलायचं नाही," ते म्हणाले. आवाज घोगरा होता, पण खाली तीच घागर. मग ते लोकांकडे वळले.

"मुलगी पाच म्हणाली असती तर जिंकली असती. नाही म्हणाली. मी शिकवलं तसं बोलली. म्हणून आता मला गप्प बसता येत नाही. साडेसातलाही कमी आहे, ओमदा. सात आणि वर थोडं. हा हिशेब मी आज केलेला नाही. खमैसनं खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, एक कुदळसुद्धा पडली नव्हती, तेव्हाच उभ्या उभ्या केला होता. त्याच आठवड्यात वाएलला कामावर घेणार होते. मी पूर्वेला चाललो, मी दक्षिणेला चाललो, तुमच्यासमोर मोठ्यांदा दहा दहा मोजले आणि मधलं अंतर गिळलं." ते थांबले. विहिरीच्या काठावर ठेवलेल्या बादलीकडे त्यांनी पाहिलं, तिच्यातल्या पाण्यावर पातळ साय धरली होती. "आणि त्या दिवसापासून या विहिरीचा एक थेंबही मी तोंडात घेतलेला नाही."